ओट्यावरचे बघे

"काहीही म्हण निशी, हल्ली जग सुधारलंय," पोह्यांवर लिंबू पिळत अमर चौगले म्हणाला. "पूर्वी मोबाईल उघडला की नुसती भांडणं. आता बघ, कोण कुणाला वाकडं बोलत नाही."

निशिगंधाने हातातलं उलथनं कढईत आपटलं. उजाडल्यापासून ती परभणीच्या एका शिक्षिकेची वकिली करत होती. त्या बाईने वर्गात सतराचा पाढा म्हणताना एक आकडा चुकवला होता, कुणीतरी ते चित्रित केलं होतं, आणि आता शे-दोनशे लोक तिच्या पगारापासून पदरापर्यंत सगळ्याची मापं काढत होते. निशिगंधाने त्यातल्या दहा-बारा जणांना उत्तरं दिली होती, बदल्यात पोटभर शिव्या खाल्ल्या होत्या आणि त्या नादात पोहेही जरा लागले होते.

"कुठल्या जगात राहता हो तुम्ही?"

"तू राहतीस त्याच. गडहिंग्लजात."

"आणा बघू तुमचा मोबाईल."

तिने दोन्ही मोबाईल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर 'ओटा' उघडलेला. गावातले ओटे गेले, पार गेले, तेव्हा कुणा हुशार मंडळींनी मोबाईलमध्ये हा ओटा बांधला आणि बघता बघता अख्खा महाराष्ट्र त्यावर पाय पसरून बसला. अमरच्या ओट्यावर एक खिलारी बैल होता, दोन कुस्त्या होत्या, कुणाच्या तरी घराची वास्तुशांत होती आणि जळलेल्या मोटारीवर एक विनोद होता. अमरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान असल्याने तो विनोद त्याला फारच भावला होता. निशिगंधाच्या ओट्यावर वर परभणीची शिक्षिका, तिच्याखाली वजनावरून टिंगल चाललेला जालन्याचा नवरदेव, त्याच्याखाली भाषणात अडखळलेल्या सरपंचबाई. बोटाने कितीही सरकवलं तरी कुणीतरी मार खातच होतं.

अमरने दोन्ही पडदे पाहिले. "तू असलंच उघडतीस, म्हणून तुला असलंच दाखवतंय. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे तुला, दुसरं काय!"

हे तिला झोंबलं. तिला ही हौस कुठून लागली, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच?

सगळ्या गडहिंग्लजला माहीत होतं. विशीत असताना निशिगंधा एका फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुळवायचं काम करायची. एका संध्याकाळी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या श्रद्धांजलीचा आणि एका माननीय नेत्यांच्या वाढदिवसाचा, असे दोन फलक एकदम आले. दोन्हीकडची माणसं डोक्यावर उभी. पोरीने पहिल्याचीच फाईल उघडून फोटो बदलला, नाव बदललं, मथळा बदलायचा राहिला. सकाळी मुख्य चौकात वीस फुटी फलक लागला: वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये काळा गॉगल लावून हसणारे नेते आणि खाली शुभेच्छुक म्हणून पन्नास-साठ चेहरे, सगळे आनंदात. नेते रागावले, मग हसले आणि विसरले. लोक विसरले नाहीत. त्या फलकाचा आणि पुढे निशिगंधाचा फोटो ओट्यावरून महाराष्ट्रभर फिरला. कुणी तिच्या फोटोला हार घातला, कुणी तिच्या बापाला फोन करून दहाव्याची तारीख विचारली. दुकान सुटलं. ती चार महिने घराबाहेर पडली नाही, आणि एकदा तर फार वाईट विचार तिच्या मनात येऊन गेला होता, जो तिने आजवर कुणाला सांगितलेला नाही.

पुढे ती आरी वर्क शिकली. नवरीच्या ब्लाउजवर जरीचे मोर उठवायचं काम. त्यात तिचा हात असा बसला की बेळगावहून बायका यायला लागल्या. पण अलीकडे तो हात थरथरायचा. भांडून भांडून डोकं तापलेलं असायचं, सुई एका ठिकाणी टोचायची ती दुसरीकडे जायची. ज्या दिवशी तिने एका नवरीच्या पाठीवर दोन माना असलेला मोर काढून ठेवला, त्या दिवशी तिने ओट्याकडे तक्रार केली. मग दुसरी केली, मग तिसरी. छळबंदी कायदा आल्यापासून तिसऱ्या तक्रारीला घरी माणूस पाठवून खुलासा करणं कंपनीला भाग होतं.

म्हणून एका दुपारी पुण्याहून डॉ. शलाका देवस्थळी आल्या. पन्नाशीच्या, चष्म्यातून समोरच्याकडे नीट बघणाऱ्या, आणि आल्या आल्या पाणी मागणाऱ्या. पाणी पिऊन त्यांनी सरळच सांगितलं.

"तुमची तक्रार खरी आहे. तुम्हाला जे दिसतं ते तुमच्या मिस्टरांना दिसत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, आणि ती योजना माझी आहे."

"म्हणजे कशी?" निशिगंधाने विचारलं.

"रस्त्यात एखादा माणूस पडला आणि जवळ एकच जण असला, तर तो बहुधा धावतो," डॉक्टर म्हणाल्या. "पन्नास असले तर पन्नासही थांबतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी जाईलच. ओट्यावर तर बघे लाखांनी असतात आणि किती जणांनी पाहिलं तो आकडा खाली लिहिलेलाच असतो. तो आकडा जेवढा मोठा, तेवढी प्रत्येकाची जबाबदारी लहान. पण आम्हाला एक गोष्ट सापडली. एखाद्याच्या मागे लोक लागले, की पुढचं सगळं पहिल्या चार-पाच उत्तरांवर ठरतं. ती दगड मारणारी असतील तर मागचे दगड मारतात. त्यांतली दोन जरी 'अरे, पुरे करा' म्हणणारी असतील, तर मागचे बरेच जण हातातला दगड खाली टाकतात. म्हणून आमचं यंत्र काय करतं, की असं काही सुरू झालं की ते बाकीच्यांपासून बरेच तास, कधी दोन दिवसही, अडवून धरतं आणि आधी अशा लोकांपुढे ठेवतं, जे नक्की बोलतील. त्यांचं बोलून झालं की मग दार उघडतं. तोवर बहुतेक आग विझलेली असते. या योजनेचं नाव 'सोबत'."

"आणि नक्की बोलणार कोण, हे यंत्राला कसं कळतंय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पदराला पुसला. "आम्हाला वाटलं होतं, शिकलेले बोलतील. मायाळू स्वभावाचे बोलतील. तसं काही निघालं नाही. बोलतात ते स्वतः कधीतरी असा मार खाल्लेले लोक. तेही सगळे नाहीत. काही जण असलं काही दिसलं की डोळे मिटून घेतात. काही जण तर उलट दगड मारायला पुढे होतात. आपली पाळी गेली, आता दुसऱ्याची, याचं बरं वाटतं त्यांना. आणि काही तुमच्यासारखे, मध्ये पडणारे. हे तीन प्रकार कशाने होतात, ते शोधायला आम्हाला सहा वर्षं लागली. वय, शिक्षण, बाई की पुरुष, कशानेच उलगडा होईना. शेवटी उत्तर निघालं ते एवढंसं: त्यांच्या स्वतःच्या वेळी कुणी एक तरी त्यांच्या बाजूने बोललं होतं का? एकच माणूस, एकच ओळ, पुरते. मार खाल्लेला आणि ज्याच्यासाठी एक तरी उभं राहिलं असा माणूस सापडला, की यंत्र त्याला आपोआप घेतं."

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची एक ओळ होती. नेसरीची कुणी सुरेखा म्हणून ब्यूटी पार्लरवाली. तिने हजारो शिव्यांच्या मध्ये लिहिलं होतं, 'हसताय काय, कामाची घाई करणाऱ्यांना विचारा. पोरगी, तू जेव आधी.' ती बाई निशिगंधाला पुढे कधी भेटली नाही. पण त्या दिवशी ती जेवली होती.

मग पाणी ओसरलं आणि राग आला.

"म्हणजे मार खाल्लेल्यांनाच तुम्ही रोज मार बघायला बसवलंय. आणि ह्यांच्यासारखे म्हणतात, जग सुधारलंय!"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "असंच आहे ते."

"विचारलं होतं कधी?"

"ओटा उघडताना खाली बरंच लिहिलेलं असतं. त्यात होतं."

"ते कोण वाचतंय?"

"कोणीच नाही. मीसुद्धा वाचलं नसतं," डॉक्टर खाली बघत म्हणाल्या. त्यांना स्वतःच्या योजनेची लाज वाटत होती, पण ती बंद करायचीही त्यांची तयारी नव्हती, कारण योजना आल्यापासून त्यांच्या नोंदीतल्या आत्महत्या कमी झाल्या होत्या. "तुमचं नाव आत्ता काढते मी. फक्त एक सांगणं माझं काम आहे. या तालुक्यात तुमच्यासारखे बोटांवर मोजण्याइतकेच आहेत."

निशिगंधाने भिंतीला टांगलेल्या ब्लाउजकडे बघितलं, त्याच्यावरच्या दोन मानांच्या मोराकडे. "काढा," ती म्हणाली. "मी काय गावाचा मक्ता नाही घेतलेला."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या ओट्यावर रांगोळ्या आल्या. लोणची आली, पैठणीचे काठ आले, झोक्यात झोपलेलं मांजर आलं. हात थरथरायचा थांबला. सलग दोन नवऱ्यांचे मोर एका मानेचे झाले. अमर म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि ती पहिल्यांदाच त्यावरून त्याच्याशी भांडली नाही. तिला खरोखर बरं वाटत होतं, आणि ते वाटण्यात काही पाप आहे असं तिला वाटत नव्हतं.

महिना असाच गेला. मग तळेवाडीचं कुस्तीचं मैदान आलं.

अमर एके काळी वेशीतल्या तालमीत घुमलेला गडी. कान मोडलेला, पोट सुटलेलं, पण मैदानाच्या दिवशी दुकानाला कुलूप. त्या दिवशी शेवटची कुस्ती त्याच्याच तालमीच्या संग्राम वागरेची होती, आणि दोघं नवरा-बायको टीव्हीसमोर शेंगदाणे घेऊन बसली होती. निवेदनाला एक मुलगी होती, ओवी सुतार. बाविशीची, खणखणीत आवाजाची, या भागातली पहिलीच बाई निवेदक. "पोरगी दम्याची नाही, दमाची आहे," अमर कौतुकाने म्हणाला.

संग्रामने सांगलीचा पैलवान खाली घेतला, उलथवत आणला, एक खांदा मातीला लागला, दुसरा लागतो न लागतो, आणि ओवी ओरडली, "झाली! चितपट! संग्राम वागरे!" हलगी कडाडली. संग्रामने पकड सोडून हात वर केला. पण पंचाने शिट्टी मारलीच नव्हती. सांगलीकर खालून सापासारखा सुटला आणि दुसऱ्या क्षणी संग्रामची पाठ मातीला होती. शिट्टी झाली ती तेव्हा.

अमरने शेंगदाण्यांची ताटली भिंतीवर मारली. "घात केला पोरीनं! जिंकलेली कुस्ती घालवली!"

त्या दिवशी संध्याकाळी निशिगंधाने ओटा उघडला. रांगोळ्या. दुसऱ्या दिवशी उघडला. कैरीचा छुंदा. ओवीबद्दल एक अक्षर नाही. पूर्वी तिला जे दिसायचं त्याने तिचं डोकं उठायचं. आता काही दिसत नव्हतं त्याने उठलं. एवढा मोठा घोळ झालेला, आणि ओट्यावर चिडीचूप? हे सगळं अडवलेल्या दारामागे चाललं असणार, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी अमर जेवायला आला तो मोबाईलमध्ये तोंड घालूनच. एकदा फिसकन हसला. मग हसू थांबलं. मग तो नुसता बोट सरकवत राहिला.

"काय बघताय?"

"काही नाही. त्या कुस्तीचं." त्याने मोबाईल पालथा ठेवला.

तिने तो उचलून उताणा केला. तिथे ओवी होती. ओवीच्या तोंडाला काळं फासलेली चित्रं होती, तिचा आवाज गाढवाच्या तोंडी बसवला होता, सांगलीकडून तिने काय घेतलं याच्या घाणेरड्या अटकळी होत्या, तिच्या घराचा पत्ता होता. तालुक्यातले मध्ये पडणारे कमी पडले होते, यंत्राने जेवढे तास अडवायचं तेवढे अडवलं होतं आणि मग दार उघडून दिलं होतं. आता ते अमरपर्यंत आलं होतं. सुधारलेल्या जगातल्या सगळ्यांपर्यंत आलं होतं.

"ही भाकरी मी भाजत नाही म्हणून कच्ची तुमच्या ताटात आलीय," निशिगंधा म्हणाली. अमरला ते कळलं नाही, आणि ती समजावत बसली नाही.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला ओवीची आई दारात आली. तिने लेकीच्या साखरपुड्यासाठी म्हणून एक ब्लाउज टाकला होता. "राहू द्या ताई, करू नका आता," ती म्हणाली. "पावण्यांनी तारीख पुढं ढकलल्या. आमची पोरगी तीन दिस झाले जेवत न्हाई. मोबाईल काढून घेतलाय, तर मनातच वाचत बसती. न्हाणीला गेली तरी मी दाराशी उभी असतो बघा. विहिरीकडं तर एकटीला जाऊ देत न्हाई."

विहीर हा शब्द ऐकताच निशिगंधाने तिला हाताला धरून आत घेतलं. त्या बाईला चहा करून देऊन, गाडीपर्यंत पोचवून ती परत आली आणि पुण्याला फोन लावला.

"मला परत घ्या."

"घेते," डॉ. देवस्थळी म्हणाल्या. "पण खोटं सांगत नाही, या प्रकरणात तुमचा उपयोग फारसा होणार नाही. तळेवाडीचं मी बघतेय. दोन जण आधीच मध्ये पडले होते, एक वसईच्या बाई आणि एक लातूरचे प्राध्यापक. त्यांना लोकांनी काय विचारलं माहीत आहे? 'तुला कुस्तीतलं काय कळतंय?' संपलं. तुमचंही तेच होईल." त्या क्षणभर थांबल्या. "आमची एक चूक झाली आहे. कोण बोलेल, ते आम्ही शोधलं. कुणाचं ऐकतील, ते शोधलंच नाही."

"कुणाचं ऐकतात?"

"त्यांच्यातल्याचं. त्याच बाजूच्या, त्याच आखाड्यातल्या माणसाचं. परक्याच्या पन्नास ओळींना नसतं ते वजन त्याच्या एका ओळीला असतं. पण त्यांच्यातला बोलत नाही. त्याला तिथेच उद्या परत जाऊन बसायचं असतं ना!"

निशिगंधाने फोन ठेवला, चपला घातल्या आणि तडक दुकानात गेली. अमर एका पाणबुडी मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"तुम्ही लिहा. ओवीसाठी."

"मी?" तो हसला. "अगं, संग्राम आमच्या तालमीचा. सगळी पोरं पेटलीत. आणि मी कुठं तिला वाईट बोललो? नुसतं बघितलं."

"माझ्या वेळेला पण तुम्ही नुसतंच बघितलं होतं काय?"

अमरच्या हातातली तार थांबली. हा विषय लग्नाच्या अकरा वर्षांत कधी निघाला नव्हता. बघायला आला तेव्हा 'तुमचा तो फ्लेक्स आम्हीबी बघितलाय' म्हणून तो मोकळेपणाने हसला होता, आणि तो मोकळेपणा आवडूनच तिने होकार दिला होता. पुढचं विचारायचं तिने टाळलं होतं. आज विचारलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "पुढं पाठवला होता. तालमीच्या ग्रुपला. तू कोण, हे काय माहीत होतं मला? सगळेच हसत होते गं."

"मी विहिरीपर्यंत जाऊन आले होते," निशिगंधा म्हणाली. "माळावरच्या. चपला काढून कठड्यावर बसले होते."

  अमरने तार खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होता? आत्ता सांगितलंय, आत्ताचं करा."

"निशी, ह्या यात्रेला मला पंच म्हणून उभं करणार आहेत. पहिल्यांदाच. वीस वर्षं वाट बघितलीय मी त्याची. असलं काही लिहिलं तर तालमीत पाय ठेवू देणार नाहीत."

"माहीत आहे मला." तिला खरंच माहीत होतं. त्या पंचाच्या शर्टाचं कापड तिनेच आणून ठेवलं होतं. "एक विचारते, तेवढं सांगा. पैलवानानं पकड कधी सोडायची?"

"पंचाची शिट्टी झाल्यावर."

"हलगी वाजली तर?"

"हलगीचा काय संबंध?"

"आणि कोण माईकवर ओरडलं तर?"

 शिट्टीखेरीज कशालाच अर्थ नसतो, हे अमरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तालमीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. वस्तादांनी पाठीत धपाटे घालून शिकवलेला पहिला धडाच तो होता. पण ते म्हटलं की चूक संग्रामची होते, संग्रामची झाली की तालमीची होते, आणि तालमीची झाली की आपली होते. त्यापेक्षा पोरीची बरी.

त्याने मोबाईल घेतला. तांब्याची पावडर लागलेल्या बोटाने अडखळत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'मी अमर चौगले, वेशीतली तालीम. शिट्टी होईस्तोवर पकड सोडायची नाही, हे वस्तादांनी आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलंय. संग्रामनं सोडली. पोरगी चुकली, पण कुस्ती तिनं घालवली नाही. तिच्या घरचा पत्ता काढा तिथून.'

"बरं झालंय?" त्याने विचारलं.

"द्या पाठवून."

पहिलं उत्तर लगेच आलं: 'बायकोनं लिहायला लावलं काय रे अमऱ्या?' मग 'सांगलीकरांनी किती दिले?' मग त्याच्या सुटलेल्या पोटाचा फोटो, मग त्याच्या दुकानातून मोटार घेऊ नका, जळकीच देतो, अशी दवंडी. ज्यांच्याबरोबर त्याने लाल मातीत लोळण घेतली होती, त्यांचीच नावं होती. अमरचा चेहरा उतरत गेला. पंचावन्न किलोच्या गटात त्याने चांगले चांगले आडवे केले होते, पण हा मार त्याने कधी खाल्ला नव्हता.

"हे असं असतंय?" तो बारीक आवाजात म्हणाला.

निशिगंधाने स्वतःचा मोबाईल काढला आणि त्याच्या ओळीखाली लिहिलं, 'माझ्या नवऱ्यानं खरं तेच लिहिलंय. खरं बोलायला छाती लागते. जेवायला चला आता.' त्यावर लोक आणखी हसले. तिला त्याचं काही वाटलं नाही. आपण लिहिलेलं अमरने वाचलं, हे तिने पाहिलं होतं.

रात्रीच्या जेवणापर्यंत तालमीतल्या एका जुन्या पैलवानाने दोनच शब्द लिहिले, 'खरं आहे.' मग आणखी एकाने. मग एकाने गाढवाचा तो आवाज काढून टाकला आणि आपण काढला हे सांगितलंही नाही. ओवीच्या घराचा पत्ता गेला. सगळं काही थांबलं नाही. सांगलीचे पैसे शोधणारे शोधतच राहिले. पण सकाळी ओवीच्या आईचा फोन आला. लेकीने अमरचं लिहिलेलं आईकडून तीनदा वाचून घेतलं होतं आणि अर्धी भाकरी खाल्ली होती. ब्लाउजचं काय करायचं ते नंतर सांगते, म्हणाली. यात्रा कमिटीचा निरोपही त्याच सकाळी आला. पंच म्हणून दुसऱ्याचं नाव घातलं होतं. अमर 'बरं' म्हणाला आणि आंघोळीला गेला. त्या दिवशी त्याने बराच वेळ पाणी ओतलं.

तीन-चार दिवस गेले. अमर दुकानात जात होता, जेवत होता, तालमीकडे मात्र फिरकत नव्हता. निशिगंधाच्या ओट्यावर रांगोळ्याच होत्या; डॉक्टरांनी तिचं नाव अजून परत घातलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली, तर अमर मोबाईल हातात धरून कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"हे काय दाखवायला लागलंय मला?" तो म्हणाला. "बैल नाही, कुस्ती नाही. हा बघ, वसमतचा कोण तरुण कीर्तनकार. पहिल्यांदाच उभा राहिला आणि अभंगाचा दुसरा चरण विसरला. काय वाट्टेल ते बोलायलेत त्याला. त्याच्याखाली कोण एक नर्स आहे. त्याच्याखाली अजून एक. संपतच नाही."

निशिगंधाने कप खाली ठेवला. तिला सगळं कळलं, आणि नवऱ्याला ते कसं सांगावं हे कळेना. अभिमानाने ऊर भरून आला होता आणि त्याच वेळी त्याची फार दया येत होती.

"यंत्रानं तुम्हाला घेतलंय," ती म्हणाली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते, तिच्या त्या एका ओळीमुळे तो कसा निवडला गेला ते. "नको असलं तर निघता येतंय. पुण्याला फोन करायचा, त्या लगेच नाव काढतात. कोण काही म्हणत नाही."

अमर ऐकत होता. बोट सरकवत होता. चहावर साय धरली.

"तू किती वर्षं हे बघत होतीस?"

"ती 'सोबत' आल्यापासून."

"आणि मी शेजारी बसून बैल बघत होतो," अमर म्हणाला.

तिने त्याच्या चहावरची साय चमच्याने काढून टाकली.  अमरने पडदा पुन्हा वर नेला, त्या वसमतच्या पोरापर्यंत. मग आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लागेल इतकी सरकवली आणि मोबाईल दोघांच्या मध्ये धरला.

"ह्याला पहिलं काय लिहायचं असतंय?" त्याने विचारलं.